नऊ मैलांवरची इझबेल

"तुमच्या घरात खिडकी असलेल्या खोल्या किती?"

हा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसाने विचारला, आणि तोही नाव विचारायच्या आधी. अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या लायब्ररीच्या तळघरात मायक्रोफिल्म वाचायची दोन यंत्रं होती. त्यातलं एक बिघडलेलं आणि दुसरं या माणसाचं. म्हणजे यंत्र लायब्ररीचंच, पण त्याच्यासमोरच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी घाबरून मनातल्या मनात अख्खं अपार्टमेंट फिरून आले. "चार," म्हटलं.

"बाथरूम धरून?"

"हो."

"बाथरूम धरायची नाही." त्यांनी वहीत तीन लिहिलं. "घरातला प्रमुख कोण?"

"माझे मिस्टर."

"काल रात्री घरी झोपले होते?"

"नाही, ते कामासाठी शिकागोला गेलेत."

"मग त्यांना मोजायचं नाही. प्रमुख तुम्ही."

लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि तोवर मला कुणी कशाचंच प्रमुख केलं नव्हतं. रात्री शिकागोहून फोन आल्यावर मी ही बढती ह्यांना कळवली. हे म्हणाले, "छान. मग गाडीचं ऑइल तूच चेंज करून आण."

त्या काळातली मी म्हणजे एक नमुनाच होते. वय पस्तीस, नागपूरचं एम.ए., तेही इतिहासात, सेकंड क्लास. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची सोय नाही. म्हणून लायब्ररीत फुकटचं काम करायला गेले, तर त्यांनी 'व्हॉलंटिअर' असा बिल्ला दिला. तो बिल्ला मी भाजी आणायला जातानाही लावायचे. सलवार-कमीज, वर नवऱ्याचा गुडघ्यापर्यंतचा कोट आणि कोटावर बिल्ला. कुणी रस्ता विचारला की मी चुकीचा रस्ता सांगायचे, पण आत्मविश्वासाने.

आणि ते आजोबा. मी त्यांना मनात आजोबा म्हणायचे. तेव्हा ते बासष्टचे होते. आज मी त्या वयापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि मला कुणी आजोबांसारखं म्हातारं समजलं तर मी भांडेन. तोंडावर मी त्यांना 'सर' म्हणायचे. त्यावर ते चिडायचे. "तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. खालून मला पुष्कळ काय काय म्हणाले लोक, सर कुणी म्हणालं नाही."

ताठ बांधा, गळ्यात टाय, पायात चिखलाचे बूट. गळ्यात टायच्या जोडीला बुटाच्या नाडीत ओवलेलं भिंग. आल्या आल्या ते यंत्रावर आणि स्वतःच्या डोक्यावर मिळून एक काळं कापड ओढून घ्यायचे, जुने फोटोग्राफर घ्यायचे तसं. मग दोन-दोन तास कापडातून फक्त आवाज यायचा. "शाबास, जॉर्ज!" किंवा "अरेरे, पुन्हा घर बदललंस?"

पहिले पंधरा दिवस मला वाटलं, आत जॉर्ज नावाचा आणखी कुणी आहे.

जॉर्ज म्हणजे त्यांचा पणजोबा. स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या कुठल्याशा खेड्यात नांगर धरणारा शेतमजूर. तिकडे दर दहा वर्षांनी खानेसुमारी व्हायची. त्या रात्री घरात कोण कोण झोपलं, त्यांची नावं, वयं, घरातल्या प्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही, धंदा, जन्मगाव, आणि घरात खिडकी असलेल्या खोल्या किती, हे सगळं सरकारी कारकून लिहून घ्यायचा. त्या वह्यांचे फोटो मायक्रोफिल्मवर होते. कुठल्या तरी दूरच्या संग्रहातून त्यांची रिळं मागवावी लागत, आणि ती यायला तीन आठवडे लागत. रिळं आली की नोंद करायची आणि यंत्रावर चढवून द्यायची, हे माझं काम.

एकदा त्यांनी मला कापडाच्या आत बोलावलं. एम.ए. इतिहासाने भिंग लावून वाचलं. जॉर्ज, प्रमुख, नांगऱ्या. इझबेल, बायको. जीन आणि विल्यम, मुलं. आणि मुलांच्या नावापुढे धंदा काय, तर 'स्कॉलर'!

मी थक्क. "मजुराच्या घरी दोन-दोन विद्वान? आणि तेही इतक्या लहान वयात?"

कापडात आजोबा हलायला लागले. मला वाटलं हार्ट अटॅक. हसत होते. शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराला त्या वहीत स्कॉलर लिहायचे म्हणे. पुढे कित्येक दिवस माझ्या लेकीची चौकशी ते "तुमच्या विद्वान कशा आहेत?" अशीच करायचे. विद्वान तेव्हा दुसरीत होत्या आणि दोन बेरजांनंतर रडायच्या.

पण माझा खरा गोंधळ वेगळाच होता. आमच्याकडे माणसं पूर्वज शोधतात ते सरदार नाही तर इनामदार सापडावा म्हणून. हा माणूस अकरा वर्षं खपून शेतमजूर शोधत होता, आणि तो सापडला की टाय सारखा करत होता! जॉर्ज दर वर्षी मे महिन्यात मालक बदलायचा. वर्षाचा करार संपला की भांडीकुंडी गाडीवर घालून दुसऱ्या शेतावर. मी म्हटलं, "हे तर आमच्याकडच्या सालगड्यासारखं झालं. पाडव्याला ठरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं."

"तुमच्या शेतावर होता असा कुणी?"

"हो," मी म्हटलं.

आता सांगायला लाज वाटत नाही. आमचं शेतच नव्हतं. माझा आजा दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होता. पण हर्नडनच्या मराठी घरांतून, पॉटलकच्या जेवणांत, "आमची गावाकडे शेती आहे" असं मी इतक्यांदा म्हटलं होतं की तोंडाला सवय झाली होती. आजोबांनी नुसतं वर पाहिलं. तारेत दोष कुठे आहे हे खालूनच ओळखणारा माणूस तो.

"किती खिडक्या होत्या त्याच्या खोलीला?"

"एकही नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. मग म्हटलं, "माझा आजा होता तो."

ते उठले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. आपल्याला काय मिळालं हे न कळता मी तो हात बराच वेळ धरून उभी राहिले.

त्यानंतर त्यांनी मला इझबेलची भानगड सांगितली.

दहा वर्षांनंतरच्या खानेसुमारीत जॉर्जच्या घरात इझबेल नव्हती. जॉर्ज होता, जीन होती, विल्यम होता. जॉर्जच्या नावापुढे 'विधुर' नव्हतं, 'विवाहित' होतं. म्हणजे बाई जिवंत. घराण्यात गोष्ट अशी की ती एका सकाळी दुधाची बादली घेऊन बाहेर पडली ती परत आलीच नाही. तो विल्यम म्हणजे या आजोबांचे आजोबा. ते मरेपर्यंत आईचं नाव काढू देत नसत. "आपल्या घरातल्या बायका निघून जातात," एवढंच म्हणायचे. आजोबांची बायकोही निघून गेली होती. आणि आता तिसरी.

त्यांनी वही उघडली. ते रोज रात्री स्वतःच्या घराची खानेसुमारी लिहायचे. रोज तीच: 'प्रमुख, एकटा, निवृत्त लाइनमन. एक कुत्रा, भाडेकरू.' त्या पानात खूण म्हणून एक पाकीट होतं. "वाचा."

पत्र त्यांच्या मुलीचं होतं. ती माझ्याच वयाची, ओहायोत राहणारी. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून, लहान मुलीला घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा आजोबांनी तिला फोनवर सुनावलं होतं की तू इझबेलवर गेलीस. त्यानंतर बोलणं बंद. आता पत्रात चारच ओळी होत्या. राहतं घर पुढच्या महिनाअखेर सोडावं लागतंय. मी आणि लेक तुमच्याकडे येऊ का? हो किंवा नाही कळवा.

"मग? काय कळवलंत?"

"अजून काही नाही."

"पत्र येऊन किती दिवस झाले?"

"नऊ. आधी इझबेलचं काय झालं ते कळू दे. ती का गेली ते कळलं की मी मुलीला उत्तर देणार."

"अहो, पण तिला घर सोडायचंय! इझबेल कुठे पळून चाललीय?"

"तीच तर पळून गेलीय," ते म्हणाले.

अशा माणसाशी काय बोलणार? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचा निकाल लागेपर्यंत यांनी जिवंत मुलीला तिष्ठत ठेवलं होतं. मी चिडून विचारलं, "शोधलंत कुठे कुठे तिला?" तर त्यांनी यादीच काढली. डंडी शहर, गल्ली क्रमांकाने. तागाच्या गिरण्यांच्या चाळी. बंदराजवळच्या खाणावळी. अकरा वर्षं. पळालेली बाई शहरात जाते, असं त्यांचं शास्त्र.

"आणि माहेरी?"

"म्हणजे?"

"तिच्या आईकडे. शोधलंत?"

भिंग हातातून सुटून नाडीला लोंबकळलं. तिथे त्यांनी पाहिलंच नव्हतं! आणि मग मला जो चेव आला म्हणता! शहाणपण अंगात मावेना. मी त्यांना समोर बसवून समजावलं की बाई पळून गेलेली नाही, बाई बाळंतपणाला गेलेली आहे. आमच्याकडे असंच असतं. खानेसुमारीवाला नेमका त्या महिन्यात आला, यात तिचा काय दोष? मी स्वतः पाच महिने माहेरी होते. त्या वेळी कुणी आमच्या घरी वही घेऊन आलं असतं, तर मीही पळून गेलेलीच!

"पाच महिने?" आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग म्हणाले, "रीळ मागवा. तातडीचं."

तातडीचं रीळ आठ दिवसांत आलं. इझबेल ज्या गावात जन्मली त्या गावाच्या वहीत, सहाव्या पानावर, आम्ही दोघं एकाच कापडाखाली डोकं घालून बसलेले असताना, ती सापडली. घरात आई प्रमुख, विधवा. त्याखाली इझबेल, मुलगी, विवाहित, वय छत्तीस. नाव वडिलांचं लावलेलं. मी टाळ्या पिटल्या. वरून एक बाई "शूऽऽ" करायला खाली आली.

"बाळ कुठाय?" आजोबांनी विचारलं.

"अजून व्हायचंय," मी म्हटलं. अशा ठामपणे, जणू मीच सुईण.

त्यांना पटत होतं आणि भीतीही वाटत होती. "तुमचं खरं असेल तर पुढच्या खानेसुमारीत ती जॉर्जच्या घरी परत आलेली असेल. ते एवढं रीळ पाहतो. ती तिथे दिसली की त्याच क्षणी वर जाऊन मुलीला फोन करतो."

"आत्ताच करा की."

"पुरावा," ते म्हणाले. महिना संपायला सोळा दिवस उरले होते.

जॉर्जच्या आणि इझबेलच्या दोन्ही गावांची पुढची तातडीची रिळं एकाच डब्यात आली. आजोबा यायला तासभर होता. मला कुठला धीर? आयुष्यात पहिल्यांदा माझा इतिहासाचा सिद्धान्त सिद्ध व्हायचा होता. मी काळं कापड डोक्यावर ओढलं आणि चाक फिरवलं.

जॉर्ज, नांगऱ्या, विवाहित, एका नव्या शेतावर, घरात एकटा. आणि दुसऱ्या रिळात तेच जुनं घर, आई गेलेली, प्रमुखाच्या जागी इझबेल. वय सेहेचाळीस. विवाहित. बाळ नाही.

दहा वर्षं चाललेलं बाळंतपण आमच्याकडेही कुणी ऐकलेलं नाही.

मग मी जे केलं ते ऐका. मी ती रिळं काढली, डब्यात घातली आणि डबा टेबलाच्या खणात, स्टेपलरच्या मागे ढकलून दिला. आजोबा आले. "आलं का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी, "आलं का?" "नाही." तिसऱ्या दिवशी, "आलं का?" मी म्हटलं, "पोस्टाचा काहीतरी घोळ दिसतोय, पण सर, तुम्ही फोन करून टाका ना." ते मान हलवून खुर्चीत बसायचे, रिकाम्या यंत्रावर कापड घालून. आतून आवाज यायचा नाही.

चौथ्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. ह्यांनी डोक्याला हात लावला. "सरकारी लायब्ररी आहे यार ती! व्हिसा कॅन्सल करून घेशील." आणि आमच्या विद्वान पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "आई, यू लाइड टु अ ग्रँडपा?"

त्या रात्री मी स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळत बसले. काही सुचेनासं झालं की मी लाडू वळते, हे अजूनही तसंच आहे. खरं सांगावं तर आजोबा मुलीला 'नाही' कळवणार. न सांगावं तर ते कळवणारच नाहीत, म्हणजे तेही 'नाही'च. आणि इझबेलबाईंचं तर मला काहीच कळेना. गेली म्हणावं, तर माहेरी बसून स्वतःला विवाहित लिहवते. राहिली म्हणावं, तर नवऱ्याच्या घरी नाही. आणि जॉर्जराव? तेही विवाहित. दोघं दोन घरांत, दहा वर्षं, त्या कारकुनाला एकच उत्तर देतात. का? एम.ए.ला असलं काही नव्हतं.

सकाळी मी लाडवांचा डबा आणि रिळांचा डबा असे दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. "हे चार दिवसांपूर्वी आलं. मी लपवलं."

ते रागावले नाहीत. त्यांनी रीळ चढवलं, कापड ओढलं. दोन्ही रिळं पाहून झाल्यावर कापडातूनच म्हणाले, "म्हणजे गेलीच होती."

मी काहीही बोलू शकले असते. सॉरी म्हणू शकले असते. पण चार दिवस न झोपलेलं माझं डोकं, त्यातून जे बाहेर पडलं ते असं: "पण तिला आणायला कोण गेलं होतं?"

कापड बाजूला झालं. "काय?"

"आमच्याकडे माहेरी गेलेली बाई आपली आपण परत येत नाही. सासरचं कुणीतरी जाऊन तिला आणावं लागतं. भांडून गेली असेल तर तर लागतंच. जॉर्ज गेला होता का?"

"ते खानेसुमारीत लिहीत नाहीत."

"मग तुम्ही कशावरून ठरवलंत की ती आली नाही? त्याने आणली नसेल."

त्यांनी पिशवीतून नकाशा काढला, दोन्ही गावांवर बोटं ठेवली, आणि भिंगाची नाडी गळ्यातून काढून रस्त्याच्या वळणांवर वाकवत वाकवत मोजली.

"नऊ मैल," ते म्हणाले.

"चालत?"

"तीन तास. घोडा उसना घेतला तर त्याहून कमी." नाडी टेबलावर तशीच पडली. "दर मे महिन्यात तो बिऱ्हाड हलवायचा. याहून लांब जायचा."

आता मी सांगते, मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. जॉर्ज कदाचित दहा वेळा गेलाही असेल आणि इझबेलने दहाही वेळा दाराला कडी घातली असेल. तिला घालायला काही कारणही असेल. मी बाळंतपणाच्या बाबतीत जितकी ठाम होते, तितकीच याही बाबतीत होते, आणि तो ठामपणा किती कामाचा होता ते तुम्ही पाहिलंच. पण या वेळी मी गप्प बसले. हे माझ्या हातून त्या काळी फार क्वचित व्हायचं.

"आणायला जाताना काय नेतात तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"लुगडं-चोळी. आणि खायला काहीतरी गोड."

लुगडं-चोळीचा प्रकार मी हातवारे करून समजावला. तो त्यांना जमणार नव्हता. लाडवांचा डबा त्यांनी उचलला, झाकण उघडून हुंगला, झाकण लावलं आणि काखेत घेतला. फोन करायला वर गेले असतील म्हणून मी वाट पाहत बसले. अर्ध्या तासाने वर जाऊन पाहिलं तर त्यांची गाडीच जागेवर नव्हती.

हा माणूस हायवेवर जात नसे. लायब्ररीत यायलाही तो आतल्या रस्त्यांनी यायचा, सायकलवाले पुढे जातील इतक्या वेगाने. मी ह्यांना ऑफिसात फोन केला. हे म्हणाले, "ओहायो? त्या स्पीडने? लाडू पुरतील का?"

तिसऱ्या दिवशी तळघरातला फोन वाजला. एक बाई. आवाज माझ्याच वयाचा, सावध.

"तुम्ही लायब्ररीतल्या व्हॉलंटिअर का? माझे वडील माझ्या पोर्चवर उभे आहेत. टाय घालून. हातात स्टीलचा एक डबा आहे. म्हणतात, मी तुला न्यायला आलोय आणि हे कसं करायचं ते मला एका भारतीय बाईने सांगितलंय. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

"हो हो," मी म्हटलं. "बरी आहे. मीच सांगितलंय."

"मी फक्त विचारलं होतं की येऊ का. हो किंवा नाही."

"हे हो आहे," मी म्हटलं. "त्यांच्याकडे ते असं म्हणतात."

पलीकडे तिच्यामागे एक लहान मुलगी काहीतरी विचारत होती.

"पण ते आत येत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "म्हणतात, मी न्यायला आलोय, बसायला नाही. मी आधी सामान बांधू की काय करू? मला काही कळत नाहीये."

मला तरी कुठे कळत होतं? पण बिल्ला लावलेला होता.

"सामान राहू दे," मी म्हटलं. "न्यायला आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी जेवायला वाढतात. जेवल्याशिवाय मुलगी देत नाहीत. तसं त्यांना सांगा."

तिने फोन ठेवला नाही, नुसता टेबलावर टाकला. मी कानाला लावूनच उभी राहिले. तेवढा आगाऊपणा माझ्यात तेव्हाही होता. पावलं लांब गेली, जाळीचं दार करकरलं, आणि मग ती ओरडून म्हणाली, "डॅड, आधी जेवायचं असतं म्हणे! अंडी चालतील का?"

आणि आजोबांचा आवाज, लांबून, खांबाच्या टोकावरून यावा तसा: "किती मिनिटं लागतील?"